न्यू गेम प्लस सुरू होत नाही, कॅरेक्टर पुढे येत नाही: आधी काय तपासायचं, नंतर काय

पंधरा-वीस दिवसांतून एकदा तरी हा फोन येतो. "दादा, गेम पूर्ण संपवला, पण न्यू गेम प्लस कुठे दिसतच नाहीये." फोन करणारा बदलतो. कधी सांगलीचा आतेभाऊ असतो, कधी ऑफिसातल्या ताईंचा मुलगा, कधी कॉलेजनंतर भेट न झालेला मित्र. आवाजातली धास्ती मात्र तीच असते. ऐंशी-शंभर तास घालून वाढवलेलं कॅरेक्टर हातचं गेलं, असं त्यांना त्या क्षणी वाटत असतं, आणि ते वाटणं अगदी खरं असतं.

मी आजवर पाहिलेल्या बहुतेक वेळा कॅरेक्टर जागेवरच होतं. गेम भलतीकडे शोधत होता, किंवा आपण भलत्या सेव्हकडे, म्हणजे खेळ जिथवर आला त्याच्या साठवलेल्या फाइलीकडे, बघत होतो. जी थोडी कॅरेक्टर खरोखर गेली, त्यातली बरीचशी घाबरून पुढच्या दहा मिनिटांत जे काही दाबलं गेलं त्यामुळे गेली. म्हणून क्रम महत्त्वाचा. खाली तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून सुरू होतात आणि अवघडाकडे जातात. मधली एखादी गाळून थेट शेवटच्या उपायावर उडी मारू नका.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. गेमची कथा संपली की तीच कथा पुन्हा पहिल्यापासून खेळायची, पण कमावलेली लेव्हल, शस्त्रं, चिलखत, पैसे सोबत घेऊन, याला न्यू गेम प्लस म्हणतात. हे नाव रूढ झालं ते १९९५ च्या क्रोनो ट्रिगरमुळे. पुढे डार्क सोल्स, विचर, गॉड ऑफ वॉर, एल्डन रिंग अशा कितीतरी गेमनी आपापल्या पद्धतीने ही सोय दिली. "आपापल्या पद्धतीने" हेच अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ आहे.

लक्षणं

आधी तुमची तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. वरवर सगळ्या सारख्या वाटतात, पण प्रत्येकीचं कारण वेगळं निघतं.

मेनूत न्यू गेम प्लस हा पर्यायच नाही.

पर्याय आहे, पण फिकट दिसतो, दाबला जात नाही.

पर्याय चालतो, पण "कोणती सेव्ह वापरू" या यादीत आपली सेव्ह येत नाही.

नवी फेरी सुरू झाली, पण लेव्हल १ दिसते किंवा सगळं सामान गायब आहे.

सेव्ह दिसते, उघडायला गेलं की "करप्टेड डेटा" असा संदेश येतो.

आणि एक उलटी तक्रार: नको असताना गेमने आपणहून दुसरी फेरी सुरू केली, आता मागे जाता येत नाही.

कशालाही हात लावण्याआधी

सेव्हची प्रत काढा. हे मी प्रत्येकाला फोनवर पहिलं वाक्य म्हणून सांगतो. गेम बंद करा, साधा "न्यू गेम" चुकूनही दाबू नका. बऱ्याच गेमना ऑटोसेव्हसाठी एकच जागा असते. साधा न्यू गेम सुरू केला की पहिल्या पाच मिनिटांतला ऑटोसेव्ह त्या जागेवर बसतो आणि शंभर तासांची सेव्ह पुसली जाते. "सहज दाबून बघितलं" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंटमध्ये जाऊन सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करता येते. पीएस५ वर थोडी अडचण आहे: पीएस४ च्या गेमची सेव्ह पेन ड्राइव्हवर जाते, पण पीएस५ च्या गेमची जात नाही, तिच्यासाठी पीएस प्लस या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचं क्लाउड स्टोरेजच, म्हणजे इंटरनेटवरची साठवणच, लागते. एक्सबॉक्सवर क्लाउडची सोय फुकट आहे. पीसीवर सेव्हचं अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि नावात आजची तारीख घाला. एवढं झालं की पुढे काहीही चुकलं तरी इथवर परत येता येतं.

१. या गेममध्ये ही सोय आहे का?

दोन मिनिटांची तपासणी, पण बरेच फोन इथेच संपतात. स्कायरिममध्ये न्यू गेम प्लस नाही. जीटीए ५ मध्ये नाही, रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये नाही, बाल्डर्स गेट ३ मध्ये नाही. असॅसिन्स क्रीडचं उदाहरण सगळ्यात फसवं आहे: ओरिजिन्स आणि ओडिसीमध्ये ती नंतरच्या अपडेटमधून आली, म्हणून वल्हालातही असणार असं लोक धरून चालतात. वल्हालात ती कधी आलीच नाही.

यूट्यूबवर कुणी "स्कायरिम न्यू गेम प्लस" दाखवत असेल तर तो मॉड असतो, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवून गेममध्ये घातलेला बदल. कन्सोलवरच्या साध्या गेममध्ये तो पर्याय शोधत बसू नका.

२. गेम अपडेट आहे का?

दुकानातून डिस्क आणली, टाकली, इंटरनेट न जोडता खेळायला सुरुवात केली. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण तीस-चाळीस जीबीचं अपडेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवणं परवडत नाही. पण पुष्कळ गेममध्ये न्यू गेम प्लस पहिल्या दिवशी नव्हतंच. गॉड ऑफ वॉर एप्रिल २०१८ मध्ये आला, ही सोय ऑगस्टमध्ये आली. रॅग्नारोक नोव्हेंबर २०२२ चा, त्यात ती एप्रिल २०२३ मध्ये आली. होरायझन झीरो डॉन फेब्रुवारी २०१७, सोय जुलैत. घोस्ट ऑफ त्सुशिमा जुलै २०२०, सोय ऑक्टोबरमध्ये. स्पायडर-मॅन २ ऑक्टोबर २०२३ चा, सोय मार्च २०२४ मध्ये. पहिल्या आवृत्तीच्या डिस्कवर ही सोय असणं शक्यच नाही. गेम अपडेट केला की पर्याय दिसतो, बाकी काहीही करावं लागत नाही.

विचर ३ चं प्रकरण वेगळं. तिथे न्यू गेम प्लस ऑगस्ट २०१५ मध्ये फुकट डीएलसी म्हणून, म्हणजे मूळ गेमला वेगळी उतरवून घ्यायची जोड म्हणून आलं, त्या गेमच्या सोळा फुकट डीएलसींमधलं शेवटचं. म्हणजे गेम अपडेट असला तरी ते डीएलसी उतरवलेलं आहे का हे स्टोअरच्या पानावर किंवा स्टीमच्या (पीसीवर गेम विकत घेऊन खेळायच्या दुकानाच्या) डीएलसी यादीत वेगळं बघावं लागतं.

याच तपासणीची दुसरी बाजू: गेम काढून टाकला आणि डिस्कवरून पुन्हा टाकला, तर आवृत्ती जुनी आणि सेव्ह नवी असं होतं. नव्या आवृत्तीतली सेव्ह जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, आणि काही गेम त्या वेळी सेव्ह खराब आहे असंच सांगतात. ती खराब नसते. अपडेट पूर्ण उतरेपर्यंत तिला हात लावू नका, डिलीट तर मुळीच करू नका.

३. गेमच्या हिशेबाने कथा संपली आहे का?

शेवटचा बॉस मेला म्हणजे गेम संपला, असं आपण मानतो. गेम तसं मानेलच असं नाही. काही गेममध्ये नावांची यादी, म्हणजे क्रेडिट्स, पूर्ण सरकून गेल्यावर "क्लिअर डेटा सेव्ह करायचा का?" असा प्रश्न येतो. पर्सोना ५ रॉयल हे नेहमीचं उदाहरण. शेवट बघून डोळे भरून आलेले असतात, रात्रीचे दोन वाजलेले असतात, क्रेडिट्स सुरू होतात आणि माणूस कन्सोल बंद करून झोपतो. क्लिअर डेटा तयारच झालेला नसतो. उपाय सोपा आहे: शेवटच्या लढाईआधीची सेव्ह उघडा, शेवट पुन्हा खेळा, क्रेडिट्स संपेपर्यंत बसा, विचारल्यावर सेव्ह करा. ती सेव्ह वेगळ्या जागी ठेवा, जुनीवर नको.

विचर ३ मध्ये मुख्य कथा संपल्यानंतरची सेव्ह लागते. सेव्हच्या यादीत तारखेनुसार वर-खाली बघा आणि शेवटाआधीची सेव्ह निवडत नाही ना याची खात्री करा. शेवटानंतर एकदा तरी हाताने सेव्ह करून ठेवण्याची सवय सगळ्याच गेममध्ये उपयोगी पडते.

एल्डन रिंगमध्ये शेवटानंतर गेम विचारतो, दुसरा प्रवास आत्ता सुरू करायचा की नंतर. "नंतर" निवडलं तर मेनूत काहीच दिसत नाही आणि लोक घाबरतात. राउंडटेबल होल्ड या गेममधल्या मुक्कामाच्या जागी जाऊन मधल्या मोठ्या टेबलापाशी बसा, पर्याय तिथे आहे. मुख्य मेनूत तो येतच नाही.

आता उलटी तक्रार. २०११ चा पहिला डार्क सोल्स आणि २०१५ चा ब्लडबोर्न, दोन्ही शेवटानंतर न विचारता दुसरी फेरी सुरू करतात. डीएलसी राहिलं असेल, एखादं शस्त्र घ्यायचं राहिलं असेल, तर ते आता अधिक कठीण शत्रूंमध्ये. इथे बिघाड काहीच नाही, आणि शेवटाआधीची प्रत काढलेली नसेल तर परतीचा रस्ताही नाही. हे दोन गेम खेळत असाल तर शेवटच्या बॉसच्या दारात थांबा, गेममधून बाहेर या, सेव्हची प्रत काढा, मग आत जा.

४. जे गेलं ते यायचंच नव्हतं का?

"लेव्हल १ झाली, सगळं गेलं" असं सांगणाऱ्याला मी आधी गेमचं नाव विचारतो. पर्सोना ५ रॉयलमध्ये नायकाची लेव्हल पुढच्या फेरीत येतच नाही. पैसे, सामाजिक गुण आणि पर्सोनांची नोंदवही येते, त्या नोंदवहीतून पैसे मोजून जुने पर्सोना, म्हणजे लढाईत मदतीला येणाऱ्या शक्ती, परत बोलावता येतात. विचर ३ मध्ये ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे पत्ते, ट्रॉफी, पुस्तकं मागे राहतात. पत्ते जमवायला ज्यांनी अख्खा वेलेन हा प्रदेश पिंजून काढला त्यांना ते फार लागतं, पण गेम तसाच बनवलाय.

स्टारफील्डमध्ये तर न्यू गेम प्लस हा कथेचाच भाग आहे. युनिटीतून, म्हणजे कथेच्या शेवटी येणाऱ्या दुसऱ्या विश्वाच्या दारातून, पलीकडे गेलात की जहाजं, चौक्या, सामान, पैसे सगळं इकडे राहतं. लेव्हल, कौशल्यं आणि शक्ती तेवढ्या सोबत येतात. रात्रभर बसून सजवलेलं जहाज गेलं म्हणून एका मित्राने गेम तीनदा काढून पुन्हा टाकला होता. त्याने काहीही परत येणार नव्हतं. पलीकडे जाण्याआधीची सेव्ह मात्र त्याच्या यादीत होती, आणि ती उघडल्यावर जहाज जसंच्या तसं होतं.

नीअर: ऑटोमाटाचा शेवटचा एन्डिंग पाहिला असेल तर जरा आठवून बघा. तिथे गेम तुम्हाला विचारतो की अनोळखी खेळाडूंच्या मदतीसाठी तुमचा सगळा सेव्ह डेटा द्याल का. "हो" म्हटलं असेल तर तो खरोखर पुसला जातो. तिथे शोधण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक, रेसिडेंट ईव्हिल ४ च्या २०२३ च्या रिमेकमध्ये एस प्लस ही सर्वांत वरची रँक हवी असेल तर न्यू गेम प्लस चालत नाही, नवीनच खेळ लागतो. शस्त्रं घेऊन खेळलात आणि रँक मिळाली नाही, तर दोष सेव्हचा नाही.

५. प्रोफाइल कोणाची, अकाउंट कोणाचं?

माझ्या हाताखालून गेलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं, म्हणून इथे जरा थांबतो.

गेल्या दिवाळीत आत्याकडे सांगलीला गेलो होतो. धाकट्या आतेभावाने गॉड ऑफ वॉर संपवला होता, न्यू गेम प्लस फिकट दिसत होतं, चेहरा पार उतरलेला. आत्या फराळाचं ताट घेऊन मागे उभी, "आधी खाऊन घ्या रे" म्हणत. मी कन्सोल बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. पडद्यावर दोन प्रोफाइल आल्या, दोन्हींवर कन्सोलने दिलेलं एकच मूळ चित्र. नावंही सारखी, फक्त शेवटचा आकडा वेगळा, एकाला ७ आणि दुसऱ्याला १. एक थोरल्याची, एक धाकट्याची. सुट्टीभर दोघं एकाच कंट्रोलरवर खेळत होते आणि चालू करताना जी प्रोफाइल आधी निवडलेली असेल तीच दाबत होते. शेवट झाला होता थोरल्याच्या प्रोफाइलवर. धाकट्याच्या प्रोफाइलवर सेव्ह होती, पण ती अर्ध्या कथेपर्यंतची. थोरल्याच्या प्रोफाइलने आत गेलो आणि पर्याय उजळ दिसला. चिवडा संपायच्या आत काम झालं. जाण्याआधी दोघांच्या प्रोफाइलला वेगवेगळी चित्रं लावून दिली.

कन्सोलवर सेव्ह ही गेमला किंवा मशीनला नाही, प्रोफाइलला बांधलेली असते. एका प्रोफाइलची सेव्ह दुसरीला वापरता येत नाही. कोणत्या प्रोफाइलवर शेवट झाला हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे ट्रॉफी. प्रत्येक प्रोफाइलच्या ट्रॉफीच्या यादीत जा आणि कथेतल्या शेवटच्या ट्रॉफीची तारीख बघा. ती जिथे असेल तिथेच सेव्ह आहे.

यातला गंभीर प्रकार म्हणजे भाड्याचं किंवा वाटून घेतलेलं अकाउंट. गेम महाग असतात, म्हणून कुणाकडून तरी कमी पैशात "अकाउंट" घेतलं जातं. त्या अकाउंटनेच लॉग इन करून खेळलात तर सेव्ह त्याच्या नावावर जमा होते. उद्या त्याने पासवर्ड बदलला की गेमही गेला आणि सेव्हही. या बाबतीत माझ्याकडे उपाय नाही, कुणाकडेच नाही. आत्ता जे असे खेळत आहेत त्यांना कळकळीने सांगतो, निदान पुढचा गेम तरी स्वतःच्या अकाउंटवर घ्या. सेलमध्ये थोडं थांबून, किंवा वापरलेली डिस्क घेऊन.

पीसीवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. एल्डन रिंगची सेव्ह स्टीमच्या आयडीला बांधलेली असते, भावाच्या स्टीमवरून उचललेली फाइल तुमच्याकडे चालत नाही. स्टीमवर घेतलेला गेम आणि गेम पासवरचा (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतून मिळणारा) तोच गेम, या दोघांच्या सेव्ह बहुतेक गेममध्ये एकमेकांना ओळखत नाहीत. "मी गेम पासवर संपवला होता, मग सेलमध्ये स्टीमवर घेतला" हे ऐकलं की मला उत्तर कळलेलं असतं.

पीएस४ वरून पीएस५ ला गेलेल्यांनीही इथेच तपासावं. पीएस४ ची आवृत्तीच पीएस५ वर खेळत असाल तर सेव्ह चालते. पीएस५ ची वेगळी आवृत्ती घेतली असेल तर आधी जुनी सेव्ह गेममधल्याच पर्यायाने आणावी लागते, जर त्या गेमने तशी सोय दिली असेल तर. घोस्ट ऑफ त्सुशिमाच्या डायरेक्टर्स कटमध्ये ती आहे.

६. क्लाउडमधली सेव्ह आणि मशीनमधली सेव्ह

दोन मशीनवर खेळणाऱ्यांनी हे नीट वाचा. स्टीम कधीकधी विचारतं की क्लाउडमधली सेव्ह ठेवू की या मशीनमधली. समोर दोन तारखा असतात. घाईत चुकीची दाबली की नवी सेव्ह जुनीने पुसली जाते.

पुण्यातल्या आमच्या वहिनींचं असंच झालं. माहेरी नाशिकला लॅपटॉपवर गेम संपवला होता, तिथलं इंटरनेट बंद, त्यामुळे सेव्ह क्लाउडवर चढलीच नव्हती. पुण्यात आल्यावर डेस्कटॉपवर गेम उघडला तर महिनाभर जुनी सेव्ह आणि न्यू गेम प्लसचा पत्ता नाही. त्यांनी फोन केला तेव्हा लॅपटॉप अजून बॅगेतच होता. मी म्हटलं, वहिनी, लॅपटॉप चालू करायच्या आधी घरातला राउटर बंद करा. इंटरनेट नसताना लॅपटॉप चालू केला, सेव्हचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, मग राउटर चालू केला. स्टीमने प्रश्न विचारला, या वेळी तारीख वाचून लॅपटॉपमधली निवडली. लॅपटॉप आधीच वायफायला जोडला असता आणि घाईत उलटं दाबलं असतं, तर ती सेव्ह गेली असती.

म्हणून नियम एकच: दुसरं मशीन इंटरनेटला जोडण्याआधी त्यातली सेव्ह बाहेर काढा. स्टीमच्या संकेतस्थळावर तुमच्या अकाउंटमध्ये क्लाउडवरच्या फाइली बघून उतरवताही येतात. तिथल्या तारखा बघितल्या की कुठे काय आहे हे लगेच कळतं.

७. पीसीवर फोल्डर बदललंय का?

काही गेम सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात. विचर ३ चं फोल्डर तिथेच असतं, आत गेमसेव्ह्ज नावाचं. वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की विंडोज डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत नेतं. बॅकअप नंतर बंद केला की फाइली एका जागी आणि गेमची नजर दुसऱ्या जागी, असं होऊ शकतं. दोन्ही डॉक्युमेंट्स फोल्डर उघडून बघा, ज्यात जास्त आणि नव्या फाइली असतील त्या दुसऱ्यात कॉपी करा. कट करू नका, कॉपीच.

एल्डन रिंगसारख्या गेमच्या सेव्ह लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये टाइप केला की ते उघडतं.

विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअरपासून संरक्षण चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. गेम सेव्ह झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात काहीच लिहिलं जात नाही. गेमला त्या यादीत परवानगी द्या. संरक्षण पूर्ण बंद करायची गरज नाही.

मॉड टाकले असतील तर या टप्प्यावर सगळे काढा आणि एकदा त्यांच्याशिवाय बघा.

८. डिस्क एका प्रदेशाची, डीएलसी दुसऱ्या प्रदेशाचं

वापरलेल्या डिस्क घेणाऱ्यांसाठी. परदेशातून आलेल्या डिस्कचा प्रदेश आपल्या पीएसएन (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन) अकाउंटच्या प्रदेशाशी जुळला नाही तर स्टोअरवरून घेतलेलं डीएलसी त्या डिस्कला लागत नाही. फुकटचं डीएलसीसुद्धा लागत नाही. विचर ३ मध्ये त्यामुळेच पर्याय दिसत नाही असं झालेलं मी पाहिलंय. डिस्कच्या खोक्यावर मागच्या बाजूला प्रदेशाचा आकडा असतो. उपाय म्हणजे डिस्क बदलणं, किंवा त्या प्रदेशाच्या अकाउंटवरून ते डीएलसी उतरवणं. डिस्क बदलली तर वेगळ्या प्रदेशाच्या आवृत्तीत जुनी सेव्ह चालेलच असं नाही, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

९. "करप्टेड डेटा"

सेव्ह होत असताना, म्हणजे कोपऱ्यात ते चिन्ह फिरत असताना लाइट गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हे होतंच. इन्व्हर्टर असला तरी लाइट जाऊन तो चालू होईपर्यंतच्या क्षणात कन्सोल बंद पडू शकतो. लहानसा यूपीएस घेतला तर ही भानगड कायमची मिटते.

आधी तपासणी २ पुन्हा करा, आवृत्ती जुळते ना? मग इतर सेव्ह उघडून बघा. शेवटची खराब असेल पण त्याआधीची चांगली असेल तर दोन-तीन तासांचं नुकसान सोसून पुढे जा. पीसीवर एल्डन रिंग मूळ सेव्हच्या शेजारी बॅक (.bak) या शेपटीची प्रत आपणहून ठेवतो. दोन्ही फाइली आधी बाहेर कॉपी करा, मग मूळ फाइल हलवून प्रतीच्या नावातली शेवटची शेपटी काढा. कितीतरी कॅरेक्टर मी असे परत आणलेत.

स्टीमवर गेमच्या फाइलींची खातरजमा करायची सोय आहे, तीही करा. सेव्हला धक्का लागत नाही.

पीएस४ आणि पीएस५ दोन्हींवर सेफ मोडमधला (बिघाड झाल्यावर कन्सोल ज्या दुरुस्तीच्या मेनूत उघडतो त्यातला) पर्याय ५ डेटाबेस नव्याने बांधतो. सेव्ह पुसल्या जात नाहीत, वेळ मात्र लागतो, मधे बंद करू नका. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो: त्याच यादीत खाली इनिशियलाइझ किंवा रिसेट असे पर्याय आहेत. ते सगळं पुसतात. बोट ५ वरच ठेवा.

इंटरनेटवर मिळणारी दुसऱ्या कुणाची संपलेली सेव्ह किंवा सेव्ह एडिटर वापरायचा मोह या टप्प्यावर होतो. एकट्याने ऑफलाइन खेळायचं असेल तर तो तुमचा निर्णय. ऑनलाइन गेममध्ये त्याने बंदी येऊ शकते, आणि मग कॅरेक्टर परत मिळूनही उपयोग नाही.

इथे थांबा, आणि जाणकाराकडे जा

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येतोय, कॉपी अर्ध्यावर अडकतेय, फोल्डर उघडायला मिनिटं लागतायत: मशीन बंद करा. परत परत चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आहे ते आणखी बिघडतं. पीसीची डिस्क असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा आणि त्याला नेमकं सांगा की विंडोज नको, फोटो नको, सेव्हचं एवढंच फोल्डर हवंय. ते काही एमबीचंच असतं.

कन्सोल वारंवार सेफ मोडमध्ये जातोय, डेटाबेस बांधूनही तेच, किंवा चालूच होत नाही: पुढे काही करू नका. पीएस४ ची डिस्क काढून पीसीला लावून सेव्ह काढता येत नाही, ती त्या कन्सोलपुरती कुलूपबंद असते. पीएस५ मध्ये तर आतली साठवण मदरबोर्डवरच बसवलेली असते. म्हणजे कन्सोल दुरुस्त झाला तरच सेव्ह वाचेल. वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्रात जा, पण तिथे बहुधा मशीन बदलून किंवा पुसून मिळतं, हे आधी विचारून घ्या. डेटा ठेवूनच दुरुस्ती हवी असेल तर ते जॉब शीटवर लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

प्रगती सर्व्हरवर राहते असा ऑनलाइन गेम असेल तर दुकानदार, मी, कुणीच काही करू शकत नाही. गेम बनवणाऱ्यांच्या मदत विभागाला लिहा. अकाउंटचं नाव, कॅरेक्टरचं नाव, शेवटचं नीट चाललं तो दिवस आणि वेळ, आणि संदेशाचा फोटो एवढं पहिल्याच वेळी द्या. "सेव्ह परत आणून देतो" म्हणून कुणी पासवर्ड मागितला तर देऊ नका, ओळखीचा असला तरी.